वडगावचं घर: पार्किंग, माग आणि ओसी

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार

फाइल परत माझ्याच टेबलावर आली. बेळगावातल्या वडगावचे काका. ३० बाय ६० चा प्लॉट, म्हणजे १,८०० चौरस फूट. खाली स्टिल्ट, म्हणजे नुसत्या खांबांवरची गाड्यांसाठीची मोकळी जागा, वर दोन मजले. २०२२ मध्ये नकाशा मीच काढला होता. मे महिन्यात घर पुरं झालं, पहिला पाऊस पडायच्या आत काका-काकू वरच्या मजल्यावर राहायलाही आले. वास्तुशांतीला जेवून आलो तेव्हा ओसीचा, म्हणजे राहायच्या परवानगीच्या दाखल्याचा, विषय मीही काढला नव्हता. जाग आली ती मीटरमुळे. बांधकामासाठी घेतलेलं तात्पुरतं कनेक्शन कायम करून घ्यायला काका गेले, तर काउंटरवर ओसी मागितली.

"ओसी म्हणजे काय बे? मी सगळं भरलो की. घरपट्टी भरलो, लेबर सेस भरलो, पाण्याचंबी भरलो."

समजावलं. परवाना मिळाला तो बांधायला. राहायला जायचं तर दुसरं पत्र लागतं. कर्नाटक महानगरपालिका कायदा १९७६, कलम ३१०: काम पुरं झालं की महिन्याभरात तसं लेखी कळवायचं, सोबत पूर्णत्वाचा दाखला जोडायचा आणि राहायची परवानगी मागायची. ती येईपर्यंत कुणी राहायचं नाही. आपण कळवलंही नाही, आणि राहायलाही गेलो.

हे कलम काही आजचं नाही. पण आमच्या गल्ल्यांत ओसी घेतलेली घरं शोधायला कंदील लागेल. बँक विचारायची नाही, वीजवाले विचारायचे नाहीत, मग कोण कशाला जातो? फरक पडला तो १७ डिसेंबर २०२४ पासून. सुप्रीम कोर्टानं उत्तर प्रदेशातल्या एका बेकायदा बांधकामाच्या खटल्यात निकाल देताना देशभरासाठीच सूचना काढल्या: वीज, पाणी, ड्रेनेज या जोडण्या पूर्णत्वाचा किंवा ओसीचा दाखला बघूनच द्यायच्या, बँकांनीही दाखला तपासूनच कर्ज द्यायचं. तिकडचा खटला, आणि मीटर अडला वडगावात.

२० ऑगस्ट, बुधवार

साइटवर गेलो. पाऊस असा की स्कूटर गल्लीच्या तोंडाला लावून चालत जावं लागलं. आवाज लांबूनच आला. खटखट, खटखट. काळजात धस्स झालं.

स्टिल्टमध्ये चार यंत्रमाग. समोर शटर, दोन बाजूंना चिऱ्याची भिंत, आतून चुना. छान हवेशीर कारखाना झालाय. मंजूर नकाशात तिथं दोन गाड्यांची जागा आहे, प्रत्येकी २.५ बाय ५.५ मीटर. दोन्ही चौकटी मीच रंगवल्या होत्या.

काकांचं म्हणणं सरळ आहे. जुन्या घरात माग खालीच होते, त्यांच्या वडिलांचे हातमागही तिथंच होते. घर पाडताना मागाची जुनी जोडणी तोडली नव्हती, वीजजोडणीचा आर. आर. नंबर तोच चालू आहे, बिलही येतं. शहापूर-वडगावात घर म्हणजे वर माणसं आणि खाली माग. "गाडी कुणाची लावूची इथं? माझ्याकडं एक लुना होती, तीबी विकलो."

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. नकाशा काढताना त्यांना माग कुठं ठेवणार हे मी विचारलं नव्हतं, हे खरं. त्यांनीही सांगितलं नव्हतं. पार्किंग दाखवल्याशिवाय नकाशा पास होत नाही म्हणून दाखवायचं, पुढचं पुढं, असा एक न बोलता झालेला करार असतो. मालक आणि इंजिनिअर दोघांनाही तो ठाऊक असतो.

काकूंनी चहा दिला. कपातला चहा मागांच्या ठेक्यावर थरथरत होता.

२५ ऑगस्ट, सोमवार

पाऊस थांबला. परवा गणपती, म्हणून आजच मोजमाप उरकलं. सोबत ऑफिसातला पोरगा, एक स्टीलचा टेप, एक लेसर.

हद्दीपासून समोरचं अंतर बरोबर. बाजूची बरोबर. पूर्वेला मागच्या कोपऱ्यात १.४९ मीटर. मंजूर १.५०. एक सेंटिमीटर म्हणजे प्लास्टर, त्याला कोण विचारतंय.

पश्चिमेचा कोपरा आडाजवळ. तिथं लेसर लावला: १.४१. पोराला म्हटलं परत धर. १.४१. टेपनं बघितलं, तेच.

भिंत तर ओळंब्यात, सरळ. मग गेलं कुठं? प्लॉटचे चारही कोपरे मोकळे आहेत, म्हणून दोघांनी मिळून कर्ण मोजले. एक ६७ फूट ४॥ इंच, दुसरा ६६ फूट ९॥ इंच. ३० बाय ६० काटकोनात असता तर दोन्ही ६७ फूट १ इंच यायला हवे होते. एक साडेतीन इंच जास्त, एक साडेतीन इंच कमी. प्लॉट कलता आहे. गवंड्यानं पूर्वेच्या शेजाऱ्याची भिंत धरून गुण्या लावला, घर एकदम काटकोनात उभं राहिलं, आणि मागची हद्द मात्र तिरकी गेली. २४ फुटांच्या रुंदीत तीन इंचांचा फरक पडतो, तोच हा आठ सेंटिमीटर.

गवंड्याची यात काही चूक नाही. त्याला काटकोनातला नकाशा दिला होता, त्यानं काटकोन बांधला.

२६ ऑगस्ट, मंगळवार

रात्री झोप लागली नाही म्हणून सकाळीच जुनी फाइल काढली. काकांच्या वडिलांचं खरेदीखत १९५४ चं, मराठीत. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात, दोन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, म्हैसूर राज्यात गेलं. खतात लिहिलंय "पूर्व-पश्चिम फूट ३०, दक्षिणोत्तर फूट ६०". झालं. त्यावरून मी आयत काढला. सिटी सर्व्हेचा नकाशा त्याच फाइलीत, खताच्या मागं टाचलेला आहे, आणि त्यात मागची रेघ कलती आहे. भिंग लागत नाही, नुसत्या डोळ्यांनी दिसते. मी पान उलटलंच नव्हतं.

हिशेब असा. आमच्या उपविधींत सेटबॅक (हद्दीपासून सोडायचं अंतर), व्याप्त क्षेत्र, एफएआर (प्लॉटच्या मानानं एकूण बांधकाम) आणि उंची यांत मंजूर नकाशापासून पाच टक्क्यांपर्यंतचा फरक नियमित करता येतो. पाडलं तर इमारतीला धोका आहे, अशा ठिकाणी. त्यासाठी सुधारित नकाशा मंजूर करून घ्यायचा आणि शुल्क भरायचं. १.५० चे पाच टक्के साडेसात सेंटिमीटर. म्हणजे १.४२५ पर्यंत चालेल. आपण १.४१ वर. दीड सेंटिमीटर कमी.

दीड सेंटिमीटर. माझ्या करंगळीच्या नखाएवढं.

मागच्या भिंतीला काकूंनी हौसेनं दगडी टाइल लावून घेतलीय. टाइल आणि खालचा मसाला धरून अडीच सेंटिमीटर. ती त्या बाजूनं काढली तर १.४३५. पास.

फोन केला. काकू म्हणाल्या, "गणपती होऊ दे रे बाळा, आधी घरातलं मोडूया नको."

९ सप्टेंबर, मंगळवार

अनंत चतुर्दशी झाली. कामाला लागलो आणि पहिल्याच दिवशी गाढवपणा केला.

मागांचा प्रश्न सुटावा म्हणून वाटलं की जमिनीचा वापरच बदलून घेऊ. कर्नाटक नगर आणि ग्राम नियोजन कायदा १९६१, कलम १४-अ. अर्जाचा मसुदा केला, बुडाकडं, म्हणजे बेळगावच्या नगर विकास प्राधिकरणाकडं, द्यायचा म्हणून नकाशाही रंगवला: निवासी पिवळा, व्यापारी निळा, औद्योगिक जांभळा. आमचा प्लॉट पिवळ्यात.

ऑफिसातल्या सरांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि हसले. "अरे, तू एका खोलीसाठी सगळी जमीन जांभळी करायला निघालास?"

१४-अ हे मास्टर प्लॅनमधला रंग बदलायचं कलम आहे. बदल लोकहिताचा आहे हे दाखवावं लागतं, त्या भागात खपणाऱ्या दैनिकात जाहिरात देऊन लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. वडगावातली अर्धी घरं माग ठेवून आहेत, हरकत कदाचित आलीही नसती. पण मूळ अडचण वापराची नव्हतीच. निवासी वलयात काय चालतं याच्या दोन याद्या असतात: एक सरळ परवानगी असलेल्या वापरांची, दुसरी प्राधिकरणानं खास बाब म्हणून, पाहणी करून परवानगी द्यायच्या वापरांची. घरगुती उद्योगासाठी दुसरी यादी धरून भांडता आलं असतं. पण कशासाठी? माग पार्किंगच्या जागेत आहेत. पिवळं असो, निळं असो, पार्किंग म्हणून मंजूर झालेल्या चौकटीत दुसरं काही ठेवता येत नाही. वापराचा प्रश्न सोडवून पार्किंगचा सुटत नाही.

हे मला दहा वर्षं काम करून समजायला हवं होतं. मसुदा फाडला. रंगवलेला नकाशा ठेवलाय, छान झालाय.

(कन्नडमध्ये झोनला 'वलय' म्हणतात. मला अजून दर वेळी देवाच्या डोक्यामागचं तेजोवलय आठवतं.)

१२ सप्टेंबर, शुक्रवार

येळ्ळूरकडचा एक शेतकरी आला होता. दोन गुंठे बाँडवर घेतलेत, घर बांधायचंय, नकाशा काढून द्या म्हणाला. मास्टर प्लॅनमध्ये बघितलं, हिरवा पट्टा. त्याला कागदावर साखळी काढून दाखवली: आधी शेतीचा पट्टा निवासी करून घ्यायचा, मग जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडून बिनशेती, मग लेआउटची मंजुरी, मग खाता (मिळकतीची नोंद), मग नकाशा, मग बांधकाम, मग ओसी. तो पहिल्याच कडीला अडकलाय, आणि स्टँप पेपरवर लिहून दिलेल्या बाँडला या साखळीत जागाच नाही. पैसे देऊन झालेत. नकाशा काढून द्यायला नाही म्हटलं. उठताना म्हणाला, शेजारच्यानं बांधलंय की. बांधलंय, खरंय.

१७ सप्टेंबर, बुधवार

काकांना समोर बसवलं. पुतण्याही होता, त्याला सगळं ठाऊक असतं.

पुतण्या: अक्रम-सक्रम येणार आहे, थांबूया. मी: त्या योजनेत निवासी बांधकामाला ५० टक्के आणि इतर बांधकामाला २५ टक्क्यांपर्यंतचं उल्लंघन दंड घेऊन नियमित होणार होतं. जानेवारी २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्थगिती दिली. त्या भरवशावर थांबलेली माणसं आजही थांबलीत.

मग मीच एक वाट काढून बघितली. कलम ३१० मध्येच एक पोटकलम आहे, १-अ. एकापेक्षा जास्त मजल्यांची इमारत असेल तर मजलावार पूर्णत्व कळवता येतं. वरच्या दोन मजल्यांची ओसी आधी घेऊ, खालचं नंतर बघू. सुचलं तेव्हा मीच खूश झालो. सर म्हणाले, "आणि ते वरचे दोन मजले आपल्या गाड्या कुठं लावणार म्हणून दाखवलंस?" पार्किंग वरच्या मजल्यांसाठीच आहे. ते नसेल तर वरचेही मजले पुरे झाले म्हणता येत नाहीत. वाट बंद.

शेवटी ठरलं: शटर काढायचं, भिंती काढायच्या, माग हलवायचे. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दिवाळीचा माल अंगावर घेतलोय. लक्ष्मीपूजनापर्यंत एकबी माग थांबवणार नाही. मग तू म्हणशील तसं."

मान्य केलं. दुसरं काय करणार होतो?

२५ सप्टेंबर, गुरुवार

मागची टाइल काढली. कटरनं कड कापून घेतली, मग गवंडी छन्नीनं एकेक सोडवत होता. मला वाटलं होतं तासाभराचं काम. मसाला इतका पक्का की टाइल निघायच्या आधी फुटायची. पश्चिम कोपऱ्यापासून सुरू करून जिथं मोजमाप १.४२५ च्या वर जातं तिथं थांबायचं, एवढंच काढायचं, असं काकूंना वचन दिलं होतं. लेसर हातात धरून दर दोन टाइलींनंतर मोजत होतो. गवंडी म्हणाला, "साहेब, सोनं मोजताय काय?"

संध्याकाळी कोपऱ्यात १.४३५. मागची भिंत आता अर्धी दगडी, अर्धी सिमेंटची दिसते. काकूंनी ती बाजू बघितली आणि काही न बोलता आत गेल्या.

एक फायदा झाला. तिथं खाली वाकल्यावर आडात सोडलेला छपराचा पाइप दिसला. काकांनी पावसाचं सगळं पाणी आधीपासूनच आडात सोडलंय, मध्ये खडी आणि कोळशाची एक टाकी बांधून. ती त्यांनी स्वतः, कुणी न सांगता केलेली. पाऊसपाणी संकलनाचा फोटो लागणारच होता, त्याच्यासाठी नवा खड्डा खणायची गरज नाही. वडगावच्या काळ्या जमिनीत खणलेला खड्डा नाहीतरी ऑगस्टभर तुंबूनच राहिला असता.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. काकांनी बोलावलं. चारही मागांना हळद-कुंकू, झेंडूच्या माळा, धोट्यावर नारळ फोडलेला. शटर अर्धं वर. गल्लीतली पोरं प्रसादाला. पूजा झाल्यावर काकांनी एकच माग क्षणभर चालवला, मग बंद केला. फोटो काढायचा मोह झाला, काढला नाही. तो फोटो चुकून फाइलीत गेला असता तर!

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पुतण्याचा फोन. बेंगळुरूत १,२०० चौरस फुटांपर्यंतच्या प्लॉटवर तळमजला अधिक दोन किंवा स्टिल्ट अधिक तीन असेल तर ओसीतून सूट दिली म्हणे. खरंय, दिली. पण आपला प्लॉट १,८०० चा. "मग ६०० फूट विकलं तर?" त्याला दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

माग हलले. काकांच्या भावाची पलीकडच्या गल्लीत पत्र्याची शेड आहे, तिथं दोनच बसले. उरलेले दोन उघडून, सुटे भाग पोत्यांत भरून, ताडपत्रीखाली. भावाच्या शेडला स्वतःची जोडणी आहे म्हणून दोन तरी चालतील. मागाचे सुताचे बीम उचलायला सहा माणसं लागली. चिऱ्याची भिंत पाडायला एक दिवस, शटर काढायला दोन तास. शटर भंगारात दिलं, त्याचे पैसे काकांनी मोजलेही नाहीत.

रिकाम्या स्टिल्टमध्ये मी खडूनं दोन चौकटी आखल्या, २.५ बाय ५.५ च्या. मधल्या खांबापासून मोकळी जागा तपासली, बसतात. दोन गाड्या मावतील. गाडी एकही नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

पूर्णत्वाची सूचना दाखल. सोबत: पूर्णत्वाचा दाखला, प्रत्यक्ष बांधकामाचा सुधारित नकाशा, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र, सोलरचा आणि आडाच्या पाइपाचा फोटो, घरपट्टीची पावती, ई-खात्याची प्रत, सेस भरल्याचं चलन. महिन्याची मुदत उलटून गेल्याबद्दल वेगळा खुलासा. पोच घेतली, त्यावरची तारीख दोनदा वाचली. कलम ३१० असंही म्हणतं की सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत आयुक्तांनी नकार कळवला नाही, तर राहायला हरकत नाही. डायरीत २७ नोव्हेंबरला गोल केला.

१ नोव्हेंबर, शनिवार

ऑफिस बंद. काळा दिन, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं त्याच्या निषेधाचा. काका सायकल फेरीला गेले होते, पुतण्याच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून कळलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सत्ताविसाव्या दिवशी हरकतीचं पत्र.

राग यायच्या आधी वाचलं, ते बरं झालं. दोन ओळी. 'सुधारित नकाशाच्या पत्रक क्र. १ मध्ये मागील अंतर १.४३५ मी., पत्रक क्र. ३ मधील छेदात १.५० मी. खुलासा करावा.' पत्र कन्नडमधलं, मी मनात मराठी केलं. बरोबर आहे त्यांचं. प्लॅनमध्ये माप बदललं आणि सेक्शनमध्ये बदलायचं राहिलं. नवी मापं घालायला बसलो तेव्हा खंडेनवमीची सुट्टी आडवी आली होती, पण ते काही कारण नव्हे.

काकांना पत्र दाखवलं. ते मराठी शाळेत शिकले, कन्नड बोलतात फाडफाड, वाचता येत नाही. माझ्या तोंडाकडं बघत होते. कायद्याच्या बाजूनं बोलायचं तर भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाबद्दलच्या केंद्राच्या १९५६ च्या निवेदनात म्हटलंय की जिथं अल्पसंख्याक भाषिक १५ ते २० टक्के असतील तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात. घरोघरी जाणाऱ्या पत्रापर्यंत ते कधी पोचलं नाही. पोचेपर्यंत माझ्यासारख्यांचं पोट भरतंय.

काका: "तीन दिवस उरले होते ना बे? गप बसले असते तर झालं असतं की."

झालं असतं? मला शंका आहे. तीस दिवस उलटले असते तर घरात राहणं कायदेशीर ठरलं असतं. पण मीटरच्या काउंटरवर कलम नाही चालत, कागद चालतो. न आलेल्या नकाराचं प्रमाणपत्र कुठून आणायचं? माझं मत असं की ती तीस दिवसांची तरतूद घरमालकाला वाचवते, त्याच्या मीटरला नाही.

२६ नोव्हेंबरला पत्रक ३ दुरुस्त करून देतोय. या वेळी सगळी पत्रकं एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरून बघितली.

८ डिसेंबर, सोमवार

इथल्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन सुरू. १९ पर्यंत सगळे बंदोबस्तात आणि बैठकांत. पाहणीची तारीख विचारायलाही गेलो नाही. हे दर डिसेंबरचं गणित आहे, नोव्हेंबरात फाइल देणाऱ्यानं ते धरूनच द्यावी.

२३ डिसेंबर, मंगळवार

पाहणी. अभियंता तरुण, स्वतःचा टेप घेऊन आलेला. पहिला प्रश्न: "पार्किंग एल्लिदे?" मी खडूच्या चौकटी दाखवल्या. दव पडून एक रेघ पुसट झाली होती, ती त्यानंच बुटानं शोधली. गाडी नाही बघून त्यानं काही विचारलं नाही. मागच्या कोपऱ्यात टेप लावला, १.४४ वाचलं. मी लेसरचं १.४३५ सांगितलं नाही. आडात डोकावला आणि तिथं जास्त वेळ थांबला. पाणी केवढं वर आहे म्हणाला, त्याच्या गावात आड आटलेत. काका त्याला कन्नडमध्ये टाकीतले खडीचे थर समजावून सांगत बसले, मी मध्ये बोललो नाही.

जाताना खांबाला दोन बोल्टांची भोकं दिसली त्याला, मागाच्या पायाची. बघितली. लिहिलं काही नाही.

७ जानेवारी २०२६, बुधवार

सुधारित नकाशाचं शुल्क भरलं होतं, आज ओसी आली. कन्नडमध्ये तिचं नाव 'स्वाधीनानुभव प्रमाणपत्र'. स्वाधीन म्हणजे ताबा, अनुभव म्हणजे उपभोग. मराठीत वाचलं तर काहीतरी अध्यात्मिक वाटतं.

१२ जानेवारी, सोमवार

मीटर बसला. सील लावलं. काकूंनी मीटरच्या पेटीला कुंकू लावलं आणि वर नेऊन तिळाच्या वड्या दिल्या. संक्रांतीला अजून दोन दिवस आहेत, पण तू कशाला परत येतोस म्हणाल्या.

मग प्रमाणपत्र समोर ठेवून, हे वाचून सांग म्हणाल्या. वाचलं. पहिली अट, मंजूर नकाशाबाहेर बदल करू नये. दुसरी, पावसाच्या पाण्याची व्यवस्था चालू ठेवावी. तिसरी, वाहनतळाची जागा इतर वापरासाठी बंदिस्त करू नये. झेरॉक्सवर प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीनं मराठी लिहून दिलं.

काका खिडकीशी उभे. खाली स्टिल्टमध्ये पुतण्याची नवी मोटरसायकल, एकटी, खडूच्या चौकटीच्या बरोबर मधोमध.

"बंदिस्त करू नये, एवढंच म्हटलंय ना?" काका म्हणाले. "भिंत नको घालूया. नुसती ताडपत्री?"

मी वडी तोंडात टाकली.